गळ, ट्राउट आणि तीर्थन नदी

साशंक : मे महिन्यात कुल्लूकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या बेतात हल्ली ट्राउट मासेमारीची भर पडू लागली आहे. बंजारच्या पुढे तीर्थन नदीकाठी मुक्काम करायचा, मत्स्य विभागाचा परवाना काढायचा, मांडीभर गार पाण्यात उभं राहून फ्लाय टाकायची आणि मासा लागला की फोटो काढून त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. याला निसर्गाच्या सहवासात घालवलेली सुट्टी म्हणतात. माझे यावर तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही एकमेकांना धरून आहेत. पहिला, ज्या माशासाठी हा खटाटोप चालतो तो हिमालयातला नाहीच. ब्राउन ट्राउट मूळ युरोपातला. इंग्रजी अमदानीत 1900 च्या सुमारास त्याची अंडी बर्फात जपून काश्मीरला आणली गेली आणि 1909 मध्ये तिथून तो कुल्लूत आला. थोडक्यात, साहेबांच्या करमणुकीसाठी एका नदीत परका मासा सोडला गेला. दुसरा आक्षेप, धरणाऱ्याला भूक नसते. कोळी पोटासाठी जाळं टाकतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. इथे मात्र जेवण हॉटेलात ठरलेलं असतं. तिसरा आणि मोठा आक्षेप, मासा सोडून दिला की हिशेब चुकता झाला असं मानलं जातं. एखाद्या जिवाच्या ओठात लोखंड अडकवायचं, तो दमेपर्यंत त्याला ओढायचं आणि मग उदार होऊन सोडून द्यायचं, यात सोडणाऱ्याचं पुण्य कुठलं? दुखापत मुळात त्यानेच केलेली असते.

शौकीन : तिन्ही आक्षेपांना उत्तर देईन, पण त्याआधी ही मासेमारी नेमकी कशी चालते ते पाहू. एरवी गळाला वजन असतं आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजन जवळपास नसतंच. बारीक गळावर पिसं, केस, रेशीम गुंडाळून केलेला तो किड्याचा भास असतो. म्हणून इथे जड लाइन हवेत मागेपुढे झुलवून तिच्या वेगावर फ्लाय पुढे न्यावी लागते. ही युक्ती नवी नाही. रोमन लेखक एलियन याने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीस मॅसेडोनियातल्या अ‍ॅस्ट्रेअस नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची पिसं बांधत. खरी परीक्षा फ्लाय पाण्यावर टेकल्यानंतर सुरू होते. मधल्या धारेला ओढ जास्त आणि काठाजवळच्या पाण्याला कमी, त्यामुळे धार लाइनला ओढते, लाइन फ्लायला ओढते आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत जाते. खरा किडा असा कधीच वाहत नाही, म्हणून ट्राउट तोंड फिरवतो. ती ओढ लागू नये म्हणून लाइन वेळेवर उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकावी लागते. नदीचा वेग जागोजागी वाचता आला तरच हे जमतं. आणि आज कोणती फ्लाय लावायची हे कळण्यासाठी पाण्यातला दगड उलटावा लागतो. त्याच्या पोटाला मे-फ्लायची पिल्लं चिकटलेली असतात, बहुधा तीन शेपट्यांची. स्टोनफ्लायची पिल्लं दोन शेपट्यांची असतात. कॅडिसची अळी वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते. स्टोनफ्ला‍यसारखे हे किडे घाण पाण्यात टिकत नाहीत. त्यामुळे दगड उलटून पाहणाऱ्या माणसाला नदीची तब्येत अहवाल येण्याआधी कळते. नदीकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. माझा शौक मला प्रिय आहे तो यासाठी.

साशंक : तुम्ही सांगितलेलं सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. दगड उलटायला गळ लागत नाही. धारा वाचायला, किड्यांच्या शेपट्या मोजायलाही गळ लागत नाही. आपल्याकडच्या पक्षिअभ्यासाचा इतिहास पाहा. सालिम अलींच्या पिढीने पक्षी ओळखण्यासाठी आणि संग्रहालयासाठी बंदूक वापरली, कारण तेव्हाचा अभ्यास नमुन्यांवर चालत होता. पुढे चांगल्या दुर्बिणी आल्या, कॅमेरे आले आणि पक्षिनिरीक्षकाच्या हातातून बंदूक गेली. पाहण्याची हौस मात्र वाढली. मग नदीवरची हौस गळाशिवाय का राहू शकत नाही? आणि गळ निरुपद्रवी नाही याचा पुरावा आता हाताशी आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ज्या माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा अ‍ॅसिटिक आम्ल टोचलं होतं ते तळाशी डुलत राहिले. आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासत होते. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या माशांपेक्षा त्यांना पुन्हा खायला कितीतरी अधिक वेळ लागला. ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर वागण्यात इतका दीर्घ बदल दिसला नसता. ओठ हाच माशाचा हात आहे. आणि गळ नेमका तिथेच बसतो.

शौकीन : तो प्रयोग मी नाकारत नाही. त्यावर वाद आहे एवढंच सांगतो. जेम्स रोझ आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की इजा ओळखणं वेगळं आणि वेदना भोगणं वेगळं. वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो थर लागतो तो माशांत नाही. उलट बाजू म्हणते की तेच काम मेंदूचा दुसरा भाग करत असेल. हा वाद मिटलेला नाही आणि जिथे शंका आहे तिथे माशाच्या बाजूने झुकावं हे मला पटतं. पण मग तो न्याय सगळीकडे लावा. बाजारातला बांगडा आणि सुरमई जाळ्यात दबून, डेकवर तडफडत मेलेली असते. आपण ती आवडीने खातो आणि भुकेचं कारण पुढे करतो. भूक भाजी-भाकरीनेही भागते, हे आपल्या महाराष्ट्रात तरी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. राहिला दुर्बिणीचा प्रश्न. पक्षी हवेत दिसतो, फेसाळ धारेखालचा मासा काठावरून दिसत नाही. तो आहे की नाही, केवढा आहे, अंगाने भरलेला आहे की खंगलेला, हे कळायला तो हाती यावा लागतो. आणि हाती आलेल्या माशाला किती इजा होते हे बऱ्याच अंशी माझ्या वागण्यावर ठरतं. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर गळ सहज निघतो. लाइन पुरेशी मजबूत असेल तर मासा लवकर जवळ येतो, दमून गळून जात नाही. हात ओले करून पाण्यातच गळ सोडवला तर त्याच्या अंगावरचा चिकट थर शाबूत राहतो. ही कौशल्याची गोष्ट आहे आणि कौशल्य शिकवता येतं.

साशंक : कौशल्याचं बोलता तर आकडे पाहू. 1992 मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दमेपर्यंत पळवलेले पण पाण्याबाहेर न काढलेले मासे बारा तासांत सुमारे 12 टक्के मेले. तसेच दमवून 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के मेले. 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. प्रयोगशाळेतला ताण नदीतल्यापेक्षा कडक होता असं म्हणता येईल, पण दिशा स्पष्ट आहे. मासा पाण्याबाहेर काढला की त्याच्या कल्ल्यांचे पडदे एकमेकांना चिकटतात आणि धावून आल्यावर ज्या क्षणी श्वासाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी तो बंद पडतो. आता सुट्टीवर आलेला पर्यटक काय करतो? मासा वर उचलतो, मोबाइल शोधतो, हसतो, दुसरा फोटो काढतो. एक मिनिट कधी गेलं ते कळतही नाही. मासा पोहत निघून जातो, म्हणून जिवंत सुटला असं वाटतं. त्याचं मरण संध्याकाळी दगडाआड होतं आणि ते कुणाच्या हिशेबात येत नाही. याहून मोठी गोष्ट अशी की खाण्यासाठी धरणाऱ्याला निसर्गतः मर्यादा असते. दोन मासे मिळाले की तो घरी जातो. सोडून देणाऱ्याला थांबायचं कारणच उरत नाही. वीस धरा, वीस सोडा, हात स्वच्छ. स्वित्झर्लंडने सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला कायद्याने मनाई केली. जर्मनीतला प्राणिसंरक्षण कायदा सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ देत नाही आणि मासेमारीचं सबळ कारण म्हणजे प्रामुख्याने खाणं, असाच त्याचा अर्थ लावला जातो. तुम्ही ज्याला करुणा म्हणता तिला त्या देशांनी गुन्हा मानलं, याचा विचार करावाच लागेल.

शौकीन : तुमच्या बोलण्यातला मर्यादेचा मुद्दा मला खरोखर लागला. पोटाची मर्यादा काढून घेतली तर तिच्या जागी दुसरी मर्यादा हवी, हे मान्य. ती मर्यादा नदीनेच घालून दिलेली आहे, ती पाळायची की नाही एवढाच प्रश्न. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 अंशाला सुमारे 9.1. उंचीवर तो आणखी कमी होतो. आणि गरम पाण्यात माशाच्या शरीराची गरज उलट वाढते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी दमवलेला ट्राउट दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडतो. अमेरिकेच्या माँटाना राज्यात सलग तीन दिवस नदीचं पाणी 73 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास 23 अंश सेल्सियसपर्यंत तापलं, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. मॅडिसनसारख्या जगभरातून लोक येणाऱ्या नदीवरही हा नियम लागतो. त्याहून कडक नियम स्वतःला घालून घेणारे अनेक आहेत. त्यांच्या खिशात थर्मामीटर असतो आणि पारा 19-20 अंशांवर गेला की ते लाइन गुंडाळतात. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. मादी शेपटीने खडी उकरून त्या खळग्यात अंडी घालते, तेव्हा पाण्यात पाय टाकणंसुद्धा घातक. मे महिन्यात तीर्थनच्या वरच्या अंगाला बर्फ वितळल्याचं गार पाणी असतं, तिथे तापमानाची काळजी कमी. खाली बियासच्या संगमावर, लारजीकडे उतरावं तसं पाणी तापत जातं. थांबायचं कधी हे पोट सांगत नसेल तर पारा सांगेल. तेवढी शिस्त नसलेल्या माणसाच्या हाती रॉड देऊ नये, हे तुमच्याइतकंच मीही म्हणतो.

साशंक : आता आपण मुळाशी आलो. तुम्ही सांगितलेला एकेक नियम पाहा. तो कोणाला वाचवतो? ब्राउन ट्राउटला. बंदीचा काळ त्याच्या विणीवर बेतलेला, अंडी उबवण्याची केंद्रं त्याच्यासाठी. आणि या नदीचा स्वतःचा मासा कुठे आहे? हिमालयातल्या थंड नद्यांत हजारो वर्षं राहत आलेला स्नो ट्राउट हा खरं तर रोहू आणि महसीरच्या कुळातला. खालच्या ओठाने दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा, ऋतूप्रमाणे नदीत वर-खाली प्रवास करणारा. त्याची वीण त्या चार महिन्यांत मावत नाही. तो फ्लायमागे झेप घेत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी विमानाचं तिकीट काढत नाही. आज तो जागतिक यादीत असुरक्षित म्हणून नोंदला आहे. उलट ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट हे दोघंही जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहेत. मोठा झालेला ब्राउन ट्राउट लहान मासे खातो, स्नो ट्राउटची पिल्लंही खातो. परका मासा प्रेमाने सोडला की काय होतं याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास झाली. दख्खनच्या महसीरला वाचवायचं ते मोलाचं काम होतं. पण तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर तिथे आधीपासून होता. काही दशकांत लोणावळ्याचा मासा वाढत गेला आणि कुबडा महसीर दिसेनासा झाला. आज तो अतिधोक्यात आहे. चांगल्या हेतूने, माशांवरच्या प्रेमापोटी हे घडलं. तुमच्या प्रेमाचं मला भय वाटतं ते याचसाठी. ते नदीवर नसतं, नदीतल्या एका आवडत्या माशावर असतं.

शौकीन : कावेरीचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलं. कुबडा महसीर संपत चालला आहे हे जगाला कळलं कशामुळे? तिथल्या मासेमारी छावण्यांत धरून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहीत होत असे. 1998 ते 2012 या काळातल्या त्या वह्या संशोधकांनी उघडल्या तेव्हा एक जात चढताना आणि दुसरी घसरताना स्पष्ट दिसली. 2012 मध्ये संरक्षित भागातल्या छावण्या बंद झाल्या आणि त्याबरोबर ती नोंदही थांबली. चूक गळ टाकणाऱ्यांच्या जगातून झाली असेल, तिचा पुरावाही त्यांनीच दिला. आता तीर्थनकडे वळू. ब्राउन ट्राउट तिथे शंभराहून अधिक वर्षं आहे. त्याला वेचून बाहेर काढणं शक्य नाही. पण त्याच्यामुळे काय झालं तेही पाहा. तीर्थन, सैंज आणि बियास या नद्या लारजीजवळ भेटतात. तिथे बियासवर 126 मेगावॅटचं धरण आहे. सैंजवर पार्वती प्रकल्पाचा 520 मेगावॅटचा टप्पा उभा राहिला. तीर्थनवरही लहान वीजप्रकल्प यायचे होते. माजी आमदार दिलाराम शबाब यांच्या पुढाकाराने खोऱ्यातल्या लोकांनी ते न्यायालयात लढून थोपवले. ही ट्राउटची नदी आहे, तिच्यावर आमची घरं चालतात, हे म्हणणं त्या लढ्याचं बळ होतं. स्नो ट्राउटला धरणाने जितकं मारलं असतं तितकं ब्राउन ट्राउट मारत नाही. वाट अडली की वर-खाली प्रवास करणारा मासा संपतो. परक्या माशाने नदी मोकळी ठेवायला मदत केली आणि त्या मोकळ्या नदीत मूळचा मासाही तग धरून राहिला. हा हिशेब तुम्ही कुठे मांडणार?

साशंक : मांडतो, आणि त्यातूनच माझी भीती आणखी पक्की होते. सैंज खोरं तीर्थनच्या शेजारचं. दोन्हींचं पाणी एकाच हिमालयातून येतं आणि 2014 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून दोघीही वाहतात. एक वाचली, एक अडली. तुमचा युक्तिवाद खरा धरला तर याचा अर्थ असा होतो की ज्या नदीला चाहते मिळाले ती नदी राहिली आणि जिला मिळाले नाहीत ती गेली. मग उद्या लोकांना दुसरा खेळ आवडू लागला तर तीर्थनचं काय? उपयोगाच्या आधारावर मिळालेलं संरक्षण उपयोग सरला की सरतं. याला वेगळी वाट आहे आणि ती आपल्याला ठाऊक आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महसीर देवीचे मासे मानले जातात, म्हणून त्यांना कुणी धरत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर टिळसे इथेही देवळाच्या आश्रयाने मासे असेच राखले गेले. त्या माशांवर कुणाचाही हक्क नाही. खायचा नाही, खेळण्याचाही नाही. लोक काठावर उभे राहतात, मूठभर अन्न टाकतात, पाण्यातली हालचाल पाहतात आणि परत जातात. माशाला काहीच द्यावं लागत नाही. नदीशी नातं ठेवायला ओठात गळ अडकवावाच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाळणकोंडच्या काठावर एक सकाळ घालवावी.

शौकीन : वाळणकोंडपुढे मी मान झुकवतो. पण देवराई जशी तेवढंच रान राखते तसा देवडोह तेवढाच डोह राखतो. वरून येणाऱ्या पाण्याचं काय? इंद्रायणीकाठी देहू-आळंदीलाही मासे श्रद्धेने राखले जात. ती नदी वारकऱ्याला पवित्र आहे. आज आळंदीत इंद्रायणीवर रसायनांचा फेस तरंगताना आपण दरवर्षी पाहतो. माशाला हात लावू नये ही श्रद्धा होती, पाणी तपासावं ही सवय नव्हती. श्रद्धा कमी पडली असं मला म्हणायचं नाही. श्रद्धेला दगड उलटून पाहणाऱ्याची जोड हवी होती. आणि तुमच्या परक्या माशाच्या आक्षेपावर मी आणखी एक पाऊल पुढे येतो. अमेरिकेत यलोस्टोन तलावात 1994 मध्ये लेक ट्राउट हा बाहेरचा मासा आढळला. त्याने तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटचा फडशा पाडला आणि त्या माशावर जगणाऱ्या अस्वलांपासून मासेमार घारींपर्यंत सगळ्यांचं अन्न तुटलं. तेव्हा नियम असा झाला : कटथ्रोट लागला तर तो सोडलाच पाहिजे, लेक ट्राउट लागला तर तो मारलाच पाहिजे. तीर्थनवर असं काही का होऊ नये? स्नो ट्राउट चुकून लागला तर पाण्यातच सोडा. ब्राउन ट्राउट ठरलेल्या संख्येपर्यंत धरा, तिथेच एका घावात मारा आणि खा. ज्या उपनद्यांत तो अजून पोचलेला नाही तिथे त्याचं एकही पिल्लू सोडू नका. माँटानाने 1974 मध्ये आपल्या नद्यांत पैदास केंद्रातले ट्राउट सोडणं बंद केलं, कारण मॅडिसनवरच्या अभ्यासात सोडलेले मासे नदीत वाढलेल्यांना मागे रेटताना दिसले. बंद केल्यावर नदीतले मासे वाढले. मासे सोडत राहणं म्हणजे नदीची सेवा, हा समज आम्हालाच टाकून द्यायला हवा.

साशंक : तुम्ही आता माझ्या पहिल्या दोन आक्षेपांना उत्तर दिलंत हे मी कबूल करतो. परक्या माशाला मोजून धरून खाल्लं तर भूकही खरी ठरते, मर्यादाही येते आणि नदीचा मूळचा मासाही हिशेबात येतो. गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, तीर्थनवर सोडून देणं हे अधिक दयाळू दिसत असलं तरी नदीच्या बाजूने पाहिलं तर मारून खाणं अधिक प्रामाणिक आहे. हे आपण दोघांनीही सुरुवातीला म्हटलं नसतं. पण इथेच तुमच्या शौकाची कसोटी लागते. ब्राउन ट्राउट कमी झाला तर दिवसभरात मासा लागण्याची शक्यता कमी होईल. नदीकाठच्या घरांचं उत्पन्न पाहुण्यांवर चालतं आणि पाहुणे माशांच्या भरवशावर येतात. ज्या माशाने धरण थोपवायला मदत केली तोच कमी करायचा आणि तरी नदीमागे उभं राहणारं मनुष्यबळ टिकवायचं, हे कसं साधणार? आणि वेदनेचा प्रश्न तसाच राहिला. खाण्यासाठी धरलेल्या माशाच्या ओठातही गळ तसाच बसतो. काठावर उभं राहून फक्त पाहणारा माणूस तुमच्याइतकं शिकणार नाही हे मानलं, तरी त्या शिक्षणाची किंमत मासाच देतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. मी रॉड हाती घेणार नाही. पण रॉड घेणाऱ्यांना नदीवरून हाकलून द्यावं, असंही आता म्हणणार नाही. त्यांच्या जागी कोण उभं राहील, हे मला अजून दिसत नाही.

शौकीन : तो पेच माझ्याकडेही सुटलेला नाही. मासा कमी झालेल्या नदीवरही मी तितक्याच ओढीने जाईन का, हे प्रत्येक गळ टाकणाऱ्याने स्वतःला विचारायचं आहे. जो जाणार नाही त्याचं प्रेम माशांच्या संख्येवर होतं, नदीवर नव्हतं, हा तुमचा आरोप मी त्याच्यापुरता मान्य करतो. वेदनेच्या बाबतीत माझ्या हाती एवढंच आहे की ती शक्य तितकी कमी करायची आणि ती नाहीच असं स्वतःला कधी पटवून द्यायचं नाही. या उन्हाळ्यात तीर्थनला जाणाऱ्यांना मात्र काही गोष्टी आजच सांगता येतील. परवाना काढा आणि त्यातला प्रत्येक नियम वाचा. गळाचा उलटा काटा दाबूनच पाण्यात उतरा. थर्मामीटर जवळ ठेवा आणि पारा 19 अंशांपुढे गेला की थांबा. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नका, फोटो राहिला तर राहू द्या. काय धरलं, कुठे धरलं, किती लांबीचं होतं याची नोंद ठेवा आणि ती तिथल्या मत्स्य विभागाला द्या. स्नो ट्राउट दिसला तर त्याची नोंद सर्वांत आधी करा. आणि जायच्या आधी आपल्या गावच्या नदीतला एक दगड उलटून पाहा. त्याच्या पोटाला काहीच चिकटलेलं नसेल, तर तीर्थनवर खर्च करायच्या वेळेतला थोडा वेळ त्या नदीला द्या.